तपकिरी आहे, पण गातोय: हा ब्लूटेल असू शकतो का?

तुम्ही जूनमध्ये उत्तर फिनलंडला, कूसामोजवळच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जुन्या जंगलात होतात. पहाटे झाडाच्या शेंड्यावर चिमणीहून लहान, तपकिरी पक्षी गात होता आणि शेपटी काळसर-निळी वाटली. पुस्तकात ब्लूटेल या छोट्या पक्ष्याचा नर निळाभोर, मादी तपकिरी. मग गाणारा हा कोण, असं तुम्ही विचारलंय.

माझा अंदाज: रेड-फ्लँक्ड ब्लूटेलचा एक वर्षाचा नर. या जातीच्या नराला निळा रंग उशिरा चढतो. पहिल्या विणीच्या हंगामात तो अगदी मादीसारखा दिसतो, पण हद्द धरून गातो मात्र पूर्ण नरासारखा. मीही पहिल्यांदा असा पक्षी पाहिला तेव्हा वहीत 'मादी' लिहून मोकळा झालो होतो. समोर गळा फुगवून गात होता, तरीही!

रंगावर फार विसंबू नका. निळा रंग पिसातल्या रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या बारीक रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून तो दिसतो. त्यामुळे सावलीत किंवा खालून पाहिलं की शेपटी सरळ काळी वाटते. तुम्हाला तिच्यात निळसर झाक दिसली हेच मोठं. आता आठवून पाहा: पंखाखाली कुशीला नारिंगी पट्टा होता का? गळ्यावर पांढरा, अरुंद डाग आणि त्याखाली करडी-तपकिरी छाती? ही दोन्ही असतील तर मला शंका उरणार नाही. गोंधळ होऊ शकेल असे दोन पक्षी म्हणजे रेडस्टार्ट आणि ब्लूथ्रोट. रेडस्टार्टची शेपटी तांबडी असते. ब्लूथ्रोटला ठळक पांढरी भुवई असते, शेपटीच्या मुळाशी तांबूस ठिपके असतात, आणि तो स्प्रूसच्या शेंड्यापेक्षा दलदलीतल्या झुडपांत रमतो.

ब्लूटेल मुख्यतः सायबेरियापासून जपानपर्यंत वीण करतो, फिनलंड म्हणजे त्याची पश्चिमेकडची कड. हिवाळा मात्र दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात, म्हणजे परतीच्या वाटेवर त्याला आधी पूर्वेकडेच जावं लागतं. (भारतीय पुस्तकातलं चित्र ताडून पाहू नका, हिमालयातला ब्लूटेल आता वेगळी जात मानला जातो.)

पुन्हा गेलात तर रात्री किंवा पहाटेच जा, दिवसा तो बराच गप्प असतो. गाणं छोटं, उदास शिट्टीसारखं असतं; फोनवर रेकॉर्ड करा. त्याचंच गाणं वाजवून त्याला जवळ बोलावू मात्र नका, विणीच्या दिवसांत त्याला तो त्रास होतो. गाणं संपवून तो खाली उतरला की कुशीचा फोटो घ्या आणि इथे टाका.