‘अध्ययन अक्षम’ म्हणजे ‘गतिमंद’ नव्हे

प्रश्न असा आहे: शाळेच्या समुपदेशकांनी तिसरीतल्या मुलाच्या अहवालात ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असं लिहिलंय. आजोबांना मराठीत सांगताना ‘गतिमंद’ म्हटलं तर चालेल का?

कृपा करून म्हणू नका. ‘गतिमंद’ म्हणजे ज्याचं सगळंच शिकणं संथ आहे असा. शिवाय ‘मतिमंद’ शब्द बोचतो म्हणून त्याच्या जागीही आपण वर्षानुवर्षं ‘गतिमंद’ वापरला, त्यामुळे तोही अर्थ त्याला चिकटलाय. ज्याला आधी ‘मतिमंद’ म्हणत, त्या स्थितीला आता ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतात. तुमच्या अहवालातली आहे ती ‘अध्ययन अक्षमता’. यात मुलाची बुद्धी चांगली असते, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी कुठेतरी गाडी अडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या दोन्ही अक्षमतांना वेगवेगळी नावं आहेत. कायद्यात ‘अध्ययन अक्षमता’च्या आधी ‘विशिष्ट’ हा शब्द आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. अडचण सगळीकडे नाही, नेमक्या जागी आहे, हे तो एकटा सांगून जातो.

नातेवाईक इंग्लंडात असतील तर एक सांभाळा. तिकडे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमताच. त्यांना सरळ ‘डिस्लेक्सिया’ सांगा, अर्थात अहवालात तसं निदान असेल तर. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अडचण, डिसग्राफिया लेखनातली, डिसकॅल्क्युलिया गणितातली. डिस्लेक्सिया हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८८७ मध्ये रूढ केला. ग्रीकमध्ये ‘डिस’ म्हणजे अवघड आणि ‘लेक्सिस’ म्हणजे शब्द.

इंग्रजीतल्या ‘बी’ आणि ‘डी’च्या गोंधळाबद्दल सगळे बोलतात, पण आपल्या लिपीतही अशा जागा आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ पाहा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र ‘क’नंतर. ‘त्रेपन्न’ म्हणताना कानावर आधी तीन पडतात, कागदावर आधी पाच येतात. सुरुवातीला सगळीच मुलं इथे चुकतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची चूक मात्र बरोबरीची मुलं पुढे गेली, कितीही गिरवून घेतलं, तरी सुटत नाही. त्याला आळस म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आजोबांना ‘अध्ययन अक्षमता’ जड वाटेल. अडचण वाचनाची असेल तर त्यांना इतकंच सांगा: “त्याला समजतं सगळं, अक्षरं लावून वाचताना अडतं. तुम्ही गोष्ट वाचून दाखवा, तो तुम्हाला ती पुन्हा सांगेल.”