बंगळुरूचा काटा रबाळ्यात जास्त का दाखवतो?

तुमचा २००.१२ हा आकडा बघूनच ओळखलं. बंगळुरूहून वापरलेला ॲनॅलिटिकल बॅलन्स (लॅबचा अतिसूक्ष्म वजनकाटा) आणलात, नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या लॅबमध्ये २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवलंत, १२० मिलिग्रॅम जास्त दिसले, आणि विकणारा म्हणतोय सेन्सर गेला. माझ्या मते काही गेलेलं नाही. पैसे घालवू नका.

बंगळुरू ९२० मीटर उंच, आपण जवळपास समुद्रसपाटीला; शिवाय ते विषुववृत्ताला आपल्याहून जवळ. गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं माप, तिथे ९.७८०, इथे ९.७८६ च्या आसपास. फरक ०.०६ टक्के, निम्मा उंचीचा, निम्मा अक्षांशाचा. काट्याला फक्त जोर कळतो. ग्रॅम तो अजून बंगळुरूच्याच हिशेबाने सांगतोय.

रबाळ्याजवळच्या आमच्या महापेच्या लॅबला यात खरा मनस्ताप दिला तो एका सर्व्हिस एजन्सीने. काटा पुण्याच्या वर्कशॉपला न्यायचे, तिथे कॅलिब्रेट करून, म्हणजे प्रमाणित वजनाशी जुळवून, सर्टिफिकेटसकट परत. इथे लावला की २०० ग्रॅमला सुमारे ४० मिलिग्रॅम जास्त. पुणे ५६० मीटरवर आहे हो! पण एजन्सीच्या साहेबांचं एकच, ‘तुमचं टेबल हलतंय.’ ग्रॅनाइटचं टेबल घ्यायला लावलं. मग एसीचा झोत. मग व्होल्टेज. काटा चुकतोय हा ऑडिटरचा शेरा तोवर तसाच. सर्टिफिकेट खरं होतं, फक्त पुण्यापुरतं.

तेव्हा काटा जिथे वापरणार त्याच टेबलावर कॅलिब्रेट करून घ्या, माणूस यायला कुरकुरला तर दुसरा बघा. मजला बदललात तरी परत करा: दहा मीटर वर गेलं की २०० ग्रॅममागे ०.६ मिलिग्रॅम कमी, आणि एफ-१ या अचूकता-वर्गाच्या २०० ग्रॅम प्रमाणित वजनाला चुकीची मुभाच मुळी १ मिलिग्रॅमची. आत वजन बसवलेलं मॉडेल असेल तर बटण दाबून काम होतं. मी औषधांच्या लॅबपुरतं बोलतोय. सराफाचा सरकारी सील असलेला काटा स्वतः उघडू नका.

शेवटी लेहच्या ट्रिपचं विचारलंय. ३५०० मीटरमुळे सत्तर किलोच्या माणसाचे ७५-८० ग्रॅम घटायला हवेत, पण लेह ३४ अंश उत्तरेला असल्याने जवळपास तेवढेच परत वाढतात. ठाण्याचाच बाथरूमकाटा नेलात तरी फिटंफाट. तिथे खरोखर किलो-दीड किलो उतरलं तर भूक आणि पाणी बघा, गुरुत्वाकर्षणाला दोष देऊ नका.