निवेदन चांगले की नुसताच आवाज गोड?

प्रश्न : आमच्या घरी परभणी आकाशवाणी रोज लागते. मला निवेदक व्हायचे आहे. पण चांगला कार्यक्रम ओळखावा कसा? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : आधी आवाजाची गोडी बाजूला ठेवा. श्रोत्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही आणि तो बहुधा धार काढत किंवा भाकरी थापत ऐकत असतो, याची जाण ज्या निवेदनात दिसते ते चांगले. सोयाबीनच्या पेरणीसाठी ‘हेक्टरी 75 किलो बियाणे’ एवढेच सांगितले, तर माहिती अचूक असूनही एकरात हिशेब करणारा शेतकरी आकडेमोडीत अडकतो आणि पुढची दोन वाक्ये त्याच्या कानावरून निघून जातात. ‘एकरी 30 किलो’ असे सांगून, क्षणभर थांबून, तोच आकडा पुन्हा उच्चारणाऱ्याला आपले काम कळलेले असते.

मुलाखत ऐकताना पुढचा प्रश्न तज्ज्ञाच्या उत्तरातून निघतो की हातातल्या कागदावरून, याकडे लक्ष द्या. (‘फार छान माहिती दिलीत’ हे वाक्य किती वेळा येते तेही मोजा, मला ते खटकते.) कार्यक्रमानंतर तासाभराने, वही न उघडता, त्यातले काय घरच्यांना सांगता येते ते लिहून ठेवा.