भाच्यासाठी ट्रकचा केक करतेयस ना?

मग स्पंज आदल्या दिवशीच बेक करून ठेव. ताजा कापायला गेलीस की नुसता चुरा होतो. घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की सुरी सरळ चालते. आकार कापल्यावर आधी क्रीमचा पातळ हात फिरव, अर्धा तास गार कर, मगच जाड थर दे. मी एकदा घाईत हे टाळलं, तर बसच्या केकच्या पांढऱ्या क्रीमवर चॉकलेट स्पंजचे कणच कण. जणू चिखलातून आलेली! लाल रंगाला जेल कलरच घे, पातळ रंग ओतत बसलीस तर क्रीम सैल पडतं. रंग जरा फिकाच ठेव, तास-दोन तासांत आपोआप गडद होतो. फाँडंटच्या, म्हणजे केकवर लाटून पसरायच्या साखरेच्या गोळ्याच्या, नादी इतक्यात लागू नकोस. चाकांना सरळ क्रीमची बिस्किटं चिकटव, पोरं आधी तीच पळवतात.