रकाना रिकामा ठेव, खोटा भरू नकोस

प्रिय बाळा,

मराठीत लिहितेय, कारण हे पत्र तुझ्या आईनेही वाचायला हवं. तुझ्याकडे अमेरिकेत राहायचे कागद नाहीत आणि कॉलेज समोर आलंय. डॅलसचे मामा म्हणाले, 'फॅफ्साच्या फॉर्मवर (कॉलेजसाठी केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) सिटिझनच्या चौकोनात टिक कर, कोण बघतंय?' आणि तू मला विचारतोयस, करू का? नाही. रकाना रिकामा ठेव, खोटा भरू नकोस. माझं हे उत्तर बदलणार नाही.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. तुला जे माहीत नाही तेवढंच सांगते.

आजवर शाळेत तुला कुणी व्हिसा विचारला नाही, ती शाळेची मेहरबानी नव्हती. टेक्ससच्या टायलर गावात कागद नसलेल्या मुलांकडे सरकारी शाळेची फी मागितली गेली. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1982 साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की या मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही. तो निकाल बारावीपर्यंतचा. कॉलेजचं मात्र ज्या त्या राज्यावर. मामांच्या टेक्ससने 2001 मध्ये सगळ्यांच्या आधी अशा मुलांना इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) दिली आणि जून 2025 मध्ये केंद्राने खटला भरला त्याच दिवशी ती सोडूनही दिली. तेव्हा 'इकडे ये, स्वस्त पडेल' हे मामांचं म्हणणंही विसर.

आपल्या न्यू जर्सीत तीन वर्षं हायस्कूल करून पास झालास, की राज्याच्या कॉलेजात इन-स्टेट फी लागते. तो कायदा गव्हर्नर ख्रिस्टींच्या काळात झाला. 2018 पासून राज्याची आर्थिक मदतही मिळते, तिचा अर्ज वेगळा असतो. फॅफ्सा केंद्राचा आहे, तो तुझ्यासाठी नाहीच. एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की पात्र होताच कायदेशीर दर्जासाठी अर्ज करीन. ते खरंच आहे ना? मग त्यावर सही कर. म्हणजे मामा सांगतात त्या खोट्याची तुला गरजसुद्धा नाही, आणि तू रात्र रात्र जागतोयस!

आता ते खोटं महाग का पडतं ते ऐक. आपल्याच ओळखीतला एक मुलगा अठराव्या वर्षी दुकानात पार्टटाइम लागला. आय-नाइनचा फॉर्म समोर आला, नोकरीला लागताना काम करायचा हक्क दाखवायला भरतात तो. त्यावर चार चौकोन असतात, पहिलाच 'अमेरिकेचा नागरिक'. मागे रांग होती, मॅनेजर घाई करत होता, याने पहिल्यावर खूण केली. पुढे शिकला, एका अमेरिकन मुलीशी लग्न झालं, ग्रीन कार्डच्या मुलाखतीला दोघं गेली. अधिकाऱ्याने विचारलं, 'कधी नागरिक असल्याचं सांगितलं होतं का?' तिथे सगळं थांबलं. व्हिसा संपल्यावर राहिलेल्याला नागरिकाशी लग्न केल्यावर वाट मिळू शकते. नागरिक असल्याचं खोटं सांगणाऱ्याला 1996 च्या कायद्याने ती वाट जवळजवळ कायमची बंद केली आहे. तो फॉर्म भरण्याआधी त्याने मला विचारलं असतं तर, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून तुझ्याशी इतकं कडक बोलते.

हे फॅफ्सापुरतं नाही. लायसन्ससाठी मोटर व्हेइकलमध्ये जाशील, इथे 2021 पासून कागद नसले तरी मिळतं. तिथे मतदार नोंदणीचा प्रश्न येईल. 'नाही' म्हण, आणि सही करण्याआधी स्क्रीन पुन्हा वाच. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या प्रवेशाच्या एकाच अर्जावर, सोशल सिक्युरिटी नंबर सक्तीचा नाही. नाही तर नाही, रिकामा ठेव.

तुझा दुसरा प्रश्न, भारतात जाऊन स्टुडंट व्हिसावर परत येऊ का? याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते इमिग्रेशन वकिलाने तुझे कागद बघून द्यायचं. पण कागदांशिवाय राहिलेले दिवस मोजणारं घड्याळ समजून घे. अठरा पूर्ण होईपर्यंतचा काळ धरत नाहीत. त्यानंतर 180 दिवसांहून जास्त इथे राहून देश सोडलास तर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि वर्ष उलटल्यावर सोडलास तर दहा वर्षं. त्याआधी गेलास तरी व्हिसा मिळेलच असं नाही. लहानपणी इथे आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या ओबामांच्या डाका योजनेचं म्हणत होतास, तर ती 15 जून 2007 च्या आधी इथे आलेल्यांना आहे, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. म्हणून अठराव्या वाढदिवसाआधी वकील गाठ. मंडळातल्या काकांचा सल्ला नको, वकीलच.

आणि 'वर्क परमिटच नाही, डिग्री घेऊन काय करू?' हे पुन्हा विचारू नकोस, मला राग येतो. 2020 पासून या राज्यात व्यवसायाचं लायसन्स इमिग्रेशन दर्जा न बघता मिळतं. नोकरीचा परवाना त्याने मिळत नाही, हे खरं. पण कायदे बदलतात. 1986 मध्ये रेगनच्या सहीने सुमारे 27 लाख माणसं कायदेशीर झाली. तसा दिवस तुझ्या वाट्याला कधी येईल हे मी सांगू शकत नाही. आला, तर तुझी फाइल उघडतील, आणि त्या फाइलमध्ये तुझ्या हातचं एकही खोटं असता कामा नये.

मंडळात म्हणतात, काकू पोरांना घाबरवते. एका घराने माझ्याशी बोलणं सोडलं, कारण त्यांच्या मुलीच्या फॉर्मवर खोटं लिहायला मी बसले नाही. दिवाळीला ती माणसं समोरून निघून जातात, वाईट वाटतं. पण उद्या पुन्हा विचारलं तरी मी बसणार नाही. माझं ग्रीन कार्ड कंपनीने केलं, तेव्हा भारतीयांची रांग आजच्यासारखी लांब नव्हती. मला खोटं लिहायची वेळच आली नाही, म्हणून तुला उपदेश करायचा अधिकार मला नाही, असं तुझी आई म्हणू शकते. म्हणू दे. अधिकार नसला तरी मी सांगणारच, कारण त्या मुलाच्या आईला मी त्या मुलाखतीनंतर पाहिलं आहे.

शनिवारी दहाला ये. लॅपटॉप, शाळेची ट्रान्सक्रिप्ट, आय-94 ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रत आण, आईलाही आण. राज्याचा अर्ज माझ्या टेबलावर बसून भरू. मामांचा फोन आला तर मला दे.

तुझी,
काकू