सव्वा लाख भरूनही गिअर अडकतो. दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी तासगावला राहतो, बेदाण्याचा व्यापार आहे. घरची ऑटोमॅटिक गाडी वॉरंटीबाहेर गेली आहे. गिअर बदलताना झटके बसायला लागले म्हणून पुण्यातल्या एका वर्कशॉपला दाखवली. गिअरबॉक्स खोलावाच लागेल म्हणून त्यांनी १,२८,००० रुपये घेतले. बिलावर फक्त ‘गिअरबॉक्स काम’ एवढंच लिहिलंय. गाडी घेऊन परतताना खंबाटकी चढतानाच ती एका गिअरमध्ये अडकली. मिरजेच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला तर पी ०७५५ हा कोड आला. तो म्हणतो, शिफ्ट सोलेनॉइड गेलाय, थोडक्यात काम होईल. पुण्याचे म्हणतात, दुसऱ्याने हात लावला, आता आमचा संबंध नाही. सोलेनॉइड बदलून घेऊ का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : इतक्यात काहीही बदलू नका. आज तुमची केस त्या बिघाडावर उभी आहे. तो दुरुस्त झाला की पुण्याचं काम कुठे चुकलं हे दाखवायला हातात काही उरणार नाही.

शिफ्ट सोलेनॉइड ही गिअरबॉक्समधली विजेवर चालणारी लहानशी झडप. गाडीचा कॉम्प्युटर सांगेल तसा ती ऑइलचा रस्ता उघडते, बंद करते, आणि त्या दाबाने गिअर पडतो. पी ०७५५ म्हणजे दुसऱ्या, म्हणजे ‘बी’ सोलेनॉइडच्या बाजूला दोष दिसतोय, इतकंच. तो दोष सोलेनॉइडचा असेल, तुटक्या वायरचा असेल किंवा गंजलेल्या कनेक्टरचाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे विचारणार. म्हणून मिरजेच्या मेकॅनिककडून फक्त कोडवर थांबू नका. ऑइलची पातळी, रंग, जळका वास, कनेक्टर आणि वायरिंग तपासून घ्या. सोलेनॉइडच्या कॉइलचा विजेला होणारा रोध मल्टिमीटरने मोजून कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तो बाहेरच्या कनेक्टरवरूनच मोजता येतो. ऑइल पॅन मात्र उघडू देऊ नका. कोड पुसायचा नाही, बॅटरीची वायर काढायची नाही. हे सगळं लेटरहेडवर तारीख, किलोमीटर, चासी नंबर आणि सहीसह लिहून घ्या. स्कॅनरचे फोटो ज्या मोबाइलवर काढले त्यातच मूळ ठेवा. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग पुण्याला स्पीड पोस्टाने नोटीस. त्यात जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपने केलेली कामाची नोंद, काम सुरू करण्याआधीचा स्कॅन रिपोर्ट, बदललेल्या पार्टांची नंबरासह यादी आणि जुने पार्ट मागा. पंधरा दिवसांत तुमच्यासमोर गाडी तपासायची संधीही त्यांना द्या. ‘दुसऱ्याने हात लावला’ या बचावाला याहून चांगलं उत्तर नाही.

आता खरं सांगतो. निदान चुकलं एवढ्यावरून सेवेत त्रुटी ठरत नाही, आणि ती सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या भाराबद्दल तेच सांगितलं. दुरुस्तीनंतर नवाच बिघाड झाला, असंही ते म्हणतील. पण स्कॅन न करता, ऑइल आणि वायरिंग न बघता थेट गिअरबॉक्स खोलला असेल, तर तो निष्काळजीपणाच आहे. नोटिशीत स्कॅन रिपोर्ट मागून तो मिळाला नाही, तर ती गोष्ट ग्राहक आयोगासमोर ठळकपणे मांडा. आतले क्लच खरोखरच झिजलेले निघाले असतील तर पूर्ण रक्कम परत मिळणं अवघड. मग काही भाग आणि नुकसानभरपाई मागावी.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारीसोबतच कलम ३८ खाली तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज द्या; इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल विभागातला प्राध्यापक नेमा, असं सुचवता येईल. तपासणीचा खर्च बहुधा आधी तुम्हालाच भरावा लागेल. ती झाली की सोलेनॉइड खुशाल बदला, जुना मात्र सीलबंद पाकिटात ठेवा.

एक गोष्ट आजच बघा. पुण्याचं बिल तुमच्या नावावर आहे की पेढीच्या? पेढीच्या जीएसटी नंबरावर असेल तर ‘हा ग्राहकच नाही, व्यापारी वापर आहे’ अशी हरकत नक्की येईल. तेव्हा गाडी घरच्या वापराची आहे हे दाखवणारी आरसी आणि विम्याची कागदपत्रं नोटीस पाठवण्याआधीच काढून ठेवा.