ऊसतोडीला गेलेल्या मुलांचा ऑनलाइन वर्ग: ॲप शेवटी, आधी फोन कुणाच्या खिशात आहे ते बघा

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पाटोदा तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, तिसरी ते पाचवीची चौदा मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर तोडीला जाणार, आणि त्यांच्यासाठी ज्याच्या त्याच्या गतीने चालणारा ऑनलाइन वर्ग तुम्हाला उभा करायचाय. त्यासाठी गूगल क्लासरूम, झूम की एखादं तयार ॲप? मी शेजारच्या तालुक्यात पाच हंगाम हा खटाटोप केलाय. त्यातला पहिला पूर्ण पाण्यात गेला, म्हणून जरा लांबण लावतो.

लॉकडाऊनच्या वर्षी सगळे गूगल मीटवर शिकवत होते, म्हणून मीही रोज सकाळी दहाची लिंक टाकायला लागलो. एकोणीस मुलं बाहेर होती. पहिल्या दिवशी तीन आली. त्यातल्या एकाच्या चौकटीत अर्धा तास नुसतं आभाळ, कारण फोन बांधावर उताणा ठेवून पोरगा धाकट्या बहिणीला घेऊन पाण्याला गेला होता. आठवड्याभरात तीही यायची थांबली. पालकांना काही पडलेलं नाही, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं. आता आठवलं की लाज वाटते. सकाळी दहाला घरातला एकुलता एक फोन बापाच्या खिशात फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसात असतो, आणि माणसं कोपीतून (तळावरच्या झोपडीतून) अंधारातच बाहेर पडलेली असतात, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. शिवाय तासाभराच्या व्हिडिओला अर्धा ते एक जीबी जातो. म्हणजे माझ्या एका तासात त्या घराचा दिवसाचा डेटा संपायचा.

त्यामुळे निघायच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. फोन कुणाचा, साधा की स्मार्ट, रिचार्ज कधी संपतो, चार्जिंग कुठे होतं (कोपीत वीज नसते, चहाच्या टपरीवर नाहीतर कारखान्याच्या आवारात लावतात), मुकादमाचा (मजुरांना तोडीला नेणाऱ्याचा) नंबर, दिवसभर मूल कुणाजवळ असतं. आणि हे नक्की विचारा: गाडीसेंटर की डोकीसेंटर? गाडीसेंटरवाले बैलगाडीने ऊस नेतात, त्यांचा तळ कारखान्याजवळ हंगामभर एका जागी असतो आणि शेजारी पुष्कळ मुलं असतात. पण बाप गाडी खाली करायच्या रांगेत रात्र काढतो आणि फोन त्याच्याबरोबर जातो. डोकीसेंटरवाले मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरतात, ट्रक रात्री कधीही येतो, आणि तळ या गावाहून त्या गावाला हलत राहतो. पहिल्या घरातल्या मुलाला आईच्या फोनवर गाठावं लागतं, दुसऱ्याला रेंज मिळेल तेव्हा. दोघांना एकच वेळ दिलीत तर एक जण नक्की सुटतो.

त्याच पानावर मुलाची पातळी लिहा. 'प्रथम' या संस्थेच्या असर पाहणीत मुलांचं वाचन-गणित तपासायला वापरतात ती साधी पद्धत पुरते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं लागतात. पाचवीतलं मूल शब्दावर अडलेलं निघेल आणि तिसरीतलं गोष्ट घडाघडा वाचेल. इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट केले की चौदा मुलांचे तीन-चार गटच होतात. ज्याच्या त्याच्या गतीने शिकवणं एका माणसाला झेपतं ते एवढ्यामुळेच.

आता खरा वर्ग. माझ्या वर्गाचा निम्मा भाग कागदी आहे. प्रत्येक गटासाठी साठेक पानांचा गठ्ठा, पानांवर मोठे आकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पेन्सिलींसकट निघायच्या दिवशी मुलाच्या हातात. फोनवरून फक्त सांगायचं, "आज पान सोळा." तीन दिवस फोन मिळाला नाही तरी पानं मिळतात. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांची व्हॉइस नोट टाकतो, ती एखाद्या एमबीच्या आतच असते. गटाची नोट एकच, पण तिच्या आधी प्रत्येकाला दहा सेकंदांची वेगळी नोट: नाव घेऊन, कालच्या पानातलं काहीतरी सांगून. "तुझा 'ष' आता सरळ उभा राहायला लागला" एवढंही चालतं. मुलं ती नोट आईला परत परत ऐकवतात. उत्तर म्हणून मुलाने उतारा वाचून पाठवायचा किंवा वहीचा फोटो. (एक बहाद्दर माझ्या नोटा दीडपट वेगाने ऐकायचा. "सर, तुम्ही लई हळू बोलता." तेव्हापासून मी तीनच मिनिटं बोलतो.)

साधा फोन असलेली घरं यात सुटत नाहीत. आठवड्यातून दोनदा साधा कॉन्फरन्स कॉल लावतो. माझ्या फोनवर पाच जण जोडले जातात, म्हणजे एक गट. डेटा लागत नाही. एक मूल वाचतं, बाकीचे आपापल्या पानावर बोट ठेवून ऐकतात. मागे बैलांच्या घंटा, कुणाचं तरी रडणारं बाळ, सगळं चालू असतं. बाळाला गप्प करा म्हणू नका. बाळ सांभाळणं हेच त्या मुलीचं दिवसाचं काम असतं, आणि तसं म्हटलंत की ती पुढच्या वेळी फोनच घेत नाही. मी एक गाणं बाळासाठी घेतो, मग उतारा.

धड्यातली उदाहरणं मात्र बदला. आमच्याकडे हातच्याची वजाबाकी कुणाला येईना. मग मी गाडीवाल्यांच्या मुलांना कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीचा फोटो मागितला. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, राहिला तो ऊस. चौथीतली एक मुलगी दोन आठवड्यांत चार अंकी वजाबाकी करायला लागली, आणि तिचा बाप रात्री स्वतःहून फोन तिच्या हातात द्यायला लागला, कारण आता पावत्यांची बेरीज तीच करत होती. मी वर्षभर सांगून जे झालं नव्हतं ते पावतीने केलं.

पाचवीच्या पुढच्या मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी. त्यांच्या हातात फोन द्यायला घरचे कचरतात. तिथे भांडू नका. आईशी बोला, आईच्या समोर कॉल लावा, आणि वेळ कायम तीच ठेवा. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला तर नाहीच.

आणखी एक गोष्ट, आणि ही तुमच्या प्रश्नात नाही. हा वर्ग शाळेच्या जागी नाही. गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मूल राहू शकत असेल तर आधी तेच करा. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा देते ते, तिथल्या शाळेत दाखवायचं) बरोबर द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे तिथल्या शाळेला वर्षाच्या मध्येही मूल दाखल करून घ्यावं लागतं. गाडीसेंटरवाल्या तळाजवळच्या मुख्याध्यापकांना मी स्वतः फोन करतो, पत्रकापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. काही टोळ्या बेळगावकडे जातात, तिथे आसपास मराठी शाळा आहे का ते आधी विचारून ठेवा.

आता तुमचं ॲप. गूगल क्लासरूमला प्रत्येकाचं खातं लागतं, पासवर्ड विसरले जातात, बापाचा फोन बदलतो. चौदा मुलांसाठी तो व्याप नको. सरकारचं दीक्षा ॲप घ्या, पण गावातच पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून गटाला लागतील तेवढेच व्हिडिओ डाउनलोड करून द्या, म्हणजे तिथे नेट नसलं तरी चालतात. फोनमध्ये जागा नसते, त्यामुळे चार-पाचच. झूम मी वर्षातून एकदाच लावतो, 26 जानेवारीला. झेंडा दाखवतो आणि फोन घेऊन शाळेभोवती एक चक्कर मारतो. गेल्या वर्षी सगळ्यांना पाहायचं होतं ते हापशाजवळचं कुत्र्याचं पिल्लू.

व्हॉट्सॲपवर ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. त्यात नोट प्रत्येकाला वेगळी आल्यासारखी दिसते आणि शंभर शुभ सकाळींखाली गाडली जात नाही. पण ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. माझ्या एका हंगामातला पहिला महिना यातच गेला. म्हणून ट्रक निघायच्या आधी आईचा आणि बापाचा, दोन्ही फोन हातात घेऊन नंबर तुम्हीच सेव्ह करा. वहीच्या पानाचा नमुना हवा असेल तर सांगा, नावं झाकून फोटो टाकतो.